द्राक्षमद्याची परीक्षा : जहाजावर कीं मळ्यांत?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या भुवया वर चढल्या असतील. आणि अक्कलकोटसारख्या क्षेत्रांत राहणाऱ्या, जन्मभर मुलांना पाढे व व्याकरण शिकविलेल्या माणसानें मद्याच्या चवीविषयीं बोलावें यांत कांहीं विसंगति आहे, असेंहि वाटलें असेल. ती विसंगति मला मान्य आहे. मी मद्य घेत नाहीं. पूर्वींहि कधीं घेतलें नाहीं. परंतु परीक्षा कशी घ्यावी, आणि परीक्षेच्या नांवाखालीं काय काय खपविलें जातें, हा विषय शिक्षकाच्या अगदींच कक्षेबाहेरचा नव्हे.

प्रसंग असा. माझा एक जुना विद्यार्थी, हल्लीं नोकरीनिमित्त पुण्यास असणारा, सहकुटुंब भूमध्य समुद्रावर विहारनौकेनें सफर करणार आहे. अशा नौकेला आतां सर्वत्र 'क्रूझ' म्हणतात. तिकिटाचे पैसे भरून झाल्यावर कंपनीकडून त्यास एक लांबलचक यादी आली. तींत 'वाईन टेस्टिंग' म्हणजे द्राक्षमद्याची चव घेण्याचा तासाभराचा वर्ग होता, आणि त्यास माणशीं निराळें शुल्क होतें. पत्नीचें म्हणणें, युरोपांत जावयाचें आणि तेथील मुख्य विद्या पाहावयाची नाहीं, हें कसें? आईचा मात्र सक्त विरोध. त्या घरांतील एक कर्ता पुरुष दारूपायीं गेला आहे आणि तें सारें त्या माउलीनें उघड्या डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. विद्यार्थ्यानें मला विचारलें, "गुरुजी, तुम्ही घेत नाहीं म्हणूनच विचारतों. पैसे टाकण्यासारखें आहे का हें?" असा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघत असावा. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ च्या ऑक्टोबरांत 'आंग्रिया' ही नौका सुरू झाली, २०२१ पासून 'कॉर्डेलिया' कंपनीच्या नौकेनें मुंबईहून फेऱ्या आरंभिल्या, आणि परदेशी नौकांवर तर मराठी कुटुंबें मोठ्या संख्येनें जाऊं लागलीं आहेत. तेव्हां त्या एकट्याला उत्तर देण्यापेक्षां तें येथेंच द्यावें, असें मीं ठरविलें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. द्राक्षमद्य म्हणजे साहेबाचें खूळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याविषयीं एक संबंध प्रकरण आहे. तांदूळ, पीठ, गूळ इत्यादिकांपासून होणाऱ्या मद्यांच्या कृति तेथें दिल्या आहेत. परंतु द्राक्षांच्या रसापासून होणाऱ्या मद्याची पाळी आली म्हणजे तो ग्रंथकार कृति सांगत बसत नाहीं. तें ज्या देशांत होतें त्या देशाच्या नांवानेंच तें ओळखावें, असें म्हणून तो 'कापिशायन' आणि 'हारहूरक' अशीं दोन नांवें देतो. पैकीं कापिशी ही नगरी आजच्या अफगाणिस्तानांत होती. फ्रेंच लोक आज बोर्दो, बर्गंडी, शँपेन अशीं प्रांतांचीं नांवें मद्याला देतात, त्यांतील तत्त्व याहून निराळें नाहीं. धान्याचें मद्य कोठेंहि करतां येतें. द्राक्षाचें मद्य हें भूमीचें अपत्य आहे. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढचें माझें सर्व म्हणणें तिच्यावरच उभें आहे.

आतां चव घेण्याच्या वर्गांत होतें काय? पातळ काचेच्या, देठ असलेल्या पेल्यांत घोट-दोन घोट वाईन ओततात. पांढऱ्या कापडावर पेला तिरपा धरून रंग पाहावयाचा. मग पेला गोल फिरवून रसाला वारा द्यावयाचा आणि नाक आंत घालून वास घ्यावयाचा. नंतर लहानसा घोट तोंडांत घोळवावयाचा, आणि परीक्षक जर धंद्याचा असेल तर तो घोट पीकदाणींत टाकून द्यावयाचा. होय, पीकदाणी! सोलापुरकडील जुन्या वाड्यांत जी वस्तु ओसरीवर असे, तीच पॅरिसच्या परीक्षकांपुढें ठेवलेली असते. दिवसाकाठीं पन्नास-साठ नमुने तपासणाऱ्यानें ते पोटांत घातले तर तिसऱ्या तासाला त्याला स्वतःचें नांव आठवणार नाहीं.

यांतील खरा व्यापार जिभेचा नसून नाकाचा आहे. जीभ गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी जाणते; बाकी जें कांहीं आपण चव म्हणून म्हणतों तें घशाच्या वाटेनें नाकांत चढलेला वास असतें. पडशानें नाक चोंदलें असतां आमटी व कढी सारखीच लागते, तें यामुळेंच. आणखी एक मौज आहे. तांबड्या वाईनमध्यें द्राक्षाच्या सालीचें व बियांचें जें द्रव्य उतरतें, त्यानें तोंड आवळल्यासारखें होतें. इंग्रजांना त्यासाठीं शास्त्रीय पुस्तकांतील शब्द शोधावा लागतो. आपल्या घरांतील पांच वर्षांचें पोर आवळा चावून 'तुरट' म्हणतें. आयुर्वेदानें त्याला सहा रसांत मानाचें स्थान दिलें आहे, आणि आधुनिक शास्त्र म्हणतें कीं ती चव नसून तोंडाच्या आंतील त्वचेला होणारा स्पर्श आहे. बाटलीचें बूच बिघडल्यानें वाईनला जो वास येतो त्यास आपला 'कुबट' हा शब्द अगदीं चपखल बसतो. हवा लागून तिचा शिरका होऊं लागला म्हणजे 'आंबूस' आहेच. खमंग, खवट, उग्र, करपट – वासाच्या छटा सांगणारे इतके शब्द ज्या भाषेंत आहेत, त्या भाषेच्या माणसानें अशा वर्गांत जाऊन 'ब्लॅककरंट' आणि 'गूजबेरी' हीं कधीं न चाखलेल्या फळांचीं नांवें पाठ म्हणावीं, हें मला तरी केविलवाणें वाटतें. जांभूळ म्हणा, करवंद म्हणा, कैरी म्हणा. शिकविणारा थोडा गोंधळेल. त्यानें कांहीं बिघडत नाहीं.

चवीचा असा विवेक आपणांस नवीन नाहीं. मार्गशीर्ष-पौषांत आमच्या तालुक्यांत हुरड्याचे दिवस येतात. शेतांत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवितात, तींत कणसें भाजतात आणि तळहातावर चोळून गरम दाणे पुढें करतात. डोळे मिटून दाणे तोंडांत टाकणारा म्हातारा शेतकरी 'ही गूळभेंडी, ही सुरती' असें तत्काळ सांगतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांतील मालदांडीची भाकर कोणती आणि हलक्या जमिनींतील कोणती, हें आमच्या घरच्या बायका पहिल्या घासाला ओळखतात. त्यांना कोणी शुल्क देऊन वर्गांत बसविलें नव्हतें. मात्र त्या रानाजवळ राहिल्या होत्या. हुरडा आतां पुण्याच्या उपाहारगृहांतहि मिळतो असें ऐकतों, मिळो बापडा.

असो. आतां विरुद्ध बाजूचा पुरावा पाहूं, कारण या विद्येंत भोंदूपणाहि पुष्कळ आहे. फ्रान्समधील बोर्दो येथें वाईनचें शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढें संशोधकांनीं एक पांढरी वाईन ठेवली, आणि तीच वाईन गंधहीन तांबडा रंग घालून दुसऱ्या पेल्यांत दिली. विद्यार्थ्यांनीं पांढरीचें वर्णन पांढऱ्या वाईनला शोभणाऱ्या शब्दांनीं केलें, आणि रंगविलेलीचें तांबड्या वाईनच्या शब्दांनीं. हा प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. डोळ्यांनीं नाकाला फसविलें, इतकाच त्याचा अर्थ. पुढें २००८ मध्यें अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं एकच वाईन दहा डॉलरची म्हणून दिली आणि पुन्हां नव्वद डॉलरची म्हणून दिली, तर पिणाऱ्यास दुसरी अधिक आवडते. आणि तो लाजेखातर तसें म्हणतो असें नव्हे, तर सुख जाणणाऱ्या मेंदूच्या भागांतील हालचालच वाढलेली दिसते. म्हणजे किंमत कानांनीं पिली जाते.

याच्या उलट, नांवें झांकून ठेवलीं म्हणजे काय होतें, तेंहि पाहा. दिनांक २४ मे १९७६ रोजीं पॅरिसमध्यें स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्यानें फ्रेंच परीक्षकांपुढें फ्रान्सच्या नामांकित वाईन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाईन लेबलें झांकून मांडल्या. तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला गेला. परीक्षक तेच, जिभा त्याच. फक्त नांवाचें दडपण दूर केलें. परीक्षेंत उत्तरपत्रिकेवर नांवाऐवजीं क्रमांक कां घालतात, हें मुलें विचारीत तेव्हां ही गोष्ट मी वर्गांत सांगत असें.

यावरून एक कसोटी हातीं लागते. ज्या वर्गांत नांव व किंमत आधीं सांगून मग चव घ्यावयास सांगतात, तो वर्ग नव्हे, ती जाहिरात होय. ज्या वर्गांत पेले आधीं आणि नांवें मागाहून येतात, तेथें कांहीं शिकावयास मिळण्याचा संभव आहे.

मग जहाजावर यांपैकीं काय घडतें? येथें जहाजाचा हिशेब समजून घेतला पाहिजे. विहारनौकेचें तिकीट सोयींच्या मानानें स्वस्त वाटतें. खोली, चार वेळचें जेवण, नाटकें, पोहण्याचा तलाव हें सर्व त्यांत धरलेलें असतें. कंपनीला तें परवडतें, याचें कारण ती दुसऱ्या हातानें वसूल करते. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या दोन बड्या कंपन्यांचे वार्षिक हिशेब प्रसिद्ध होतात. त्यांत एकंदर उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जहाजावर केलेल्या खर्चाचा असतो. पेय, जुगार, दुकानें, बंदरांतील सहली – सर्व त्यांत आलें. वाईनचा वर्ग हा या दुकानाचा ओटा आहे. शिकविणारा गृहस्थ विद्वान असेल, सज्जनहि असेल. परंतु तो ज्या बाटल्या पुढें ठेवतो त्या जहाजाच्या कोठारांतील असतात आणि त्याच रात्रीं भोजनगृहांत विकावयाच्या असतात. आमच्याकडे पुस्तकविक्रेता शाळेंत येऊन व्याख्यान देत असे, त्यांतला हा प्रकार. व्याख्यान ऐकावें, पण तो कोणाचा मनुष्य आहे हें विसरूं नये.

कौटिल्याला हें सर्व ठाऊक होतें, असें पाहून मला हंसू आलें. पानगृहांत पुष्कळ दालनें असावीं, निरनिराळीं आसनें व शय्या असाव्या, सुगंध, माला आणि पाणी यांची सोय असावी व तीं ऋतुमानाप्रमाणें सुखकर असावीं, असें तो सांगतो. आणि पुढें लगेच सांगतो कीं कोणतें गिऱ्हाईक नेहमींपेक्षां अधिक खर्च करतें यावर तेथें गुप्तहेरांनीं नजर ठेवावी. आजच्या जहाजावर हेर नसतात. प्रवाशाच्या हातीं एक पत्ता दिलेला असतो, तो दाखविला कीं पेला मिळतो, आणि प्रत्येक पेल्याची नोंद आपोआप खात्यावर चढते. रोख पैसा हातांतून सुटत नसल्यामुळें खर्चाची बोचणी लागत नाहीं. ती शेवटच्या दिवशीं एकदम लागते.

पैशाची गोष्ट येथें संपली. परंतु त्या माउलीचा प्रश्न पैशाचा नव्हता, आणि त्याला उत्तर देण्यास मी आंकड्यांकडेच वळणार आहें. अशा वर्गांत साधारणतः पांच नमुने देतात. प्रत्येक पेल्यांत ५० मिलिलिटर धरले, तर पांचांचे २५० मिलिलिटर झाले. बाटली ७५० ची, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा बाटली. वाईनमध्यें मद्यार्क शेंकडा १३ धरूं. तेव्हां शुद्ध मद्यार्क झाला ३२.५ मिलिलिटर. आतां आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या व्हिस्कींत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ४२.८ असतें, तिच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगांत तो २५.७ मिलिलिटर भरतो. म्हणजे 'नुसती चव पाहिली' असें म्हणून उठणाऱ्या मनुष्यानें सव्वा मोठा पेग घेतलेला असतो, आणि तोहि बहुधा दुपारच्या वेळीं, उपाशीं पोटीं, हलत्या जमिनीवर. यकृताला तो निस्तरावयास सुमारें तीन तास लागतात. हात आंखडून ३० मिलिलिटरच ओतले तरी पाऊण पेग होतोच. सोडा-पाणी नसलें आणि पेला नाजूक असला म्हणून रसायनशास्त्र बदलत नाहीं.

पूर्वीं रोज थोडी तांबडी वाईन हृदयाला हितकर असते असें म्हणत. तें म्हणणें आतां मागें पडलें आहे. मद्य हें कर्करोगास कारण होणारें द्रव्य आहे असें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९८८ मध्येंच ठरविलें होतें, आणि २०२३ च्या जानेवारींत जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्ट सांगितलें कीं प्रकृतीला निर्धोक असें मद्याचें प्रमाणच नाहीं. चरकसंहितेंत मदात्ययाचें जें प्रकरण आहे तें वाचणाराला चरक मद्याचा वैरी वाटत नाहीं. विधिपूर्वक, योग्य आहाराबरोबर, योग्य काळीं घेतलेल्याचे गुणहि तो वर्णितो. परंतु नशेच्या एकामागून एक येणाऱ्या अवस्था त्यानें अशा रेखाटल्या आहेत कीं ज्यानें घरांत तसा मनुष्य पाहिला आहे, त्याला तें प्रकरण पुरें वाचवत नाहीं. म्हणून माझें पहिलें मत निःसंदिग्ध आहे: ज्या कुळांत हें दुखणें होऊन गेलें आहे, त्यांतील मनुष्यानें, किंवा ज्याला पहिल्या पेल्यानंतर दुसरा नाकारतां येत नाहीं अशानें, असल्या वर्गाचें शुल्क भरूं नये. त्यांत अडाणीपणा नाहीं आणि कमीपणाहि नाहीं.

न पिणाऱ्याची पंगतींत अडचण होते, हीहि एक भीति असते. इ. स. १८८८ च्या ४ सप्टेंबरला मोहनदास गांधी नांवाचा अठरा वर्षांचा मुलगा मुंबईहून आगबोटीनें विलायतेस निघाला. मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाहीं अशी शपथ त्यानें आईपुढें घेतली होती. लंडनमध्यें बॅरिस्टर होण्यासाठीं ठराविक मेजवान्यांना हजर राहावें लागे. तेथें चार विद्यार्थ्यांच्या गटाला दोन बाटल्या वाईन मिळत असे. गांधी पीत नसल्यामुळें त्या दोन बाटल्या उरलेल्या तिघांत वांटल्या जात, आणि आपल्याच गटांत त्यांनीं बसावें म्हणून मुलांची ओढाताण चाले. ही हकीकत त्यांनीं स्वतःच आत्मचरित्रांत नमूद केली आहे.

परंतु समजा, घरांत असें कांहीं दुखणें नाहीं, मनुष्य संयमी आहे, आणि त्याला ही विद्या खरोखरच पाहावयाची आहे. त्यानें ती जहाजावर पाहावी काय? येथें मी कौटिल्याकडे परत येतों. द्राक्षमद्य हें भूमीचें अपत्य. आणि जहाज ही अशी एकच जागा आहे कीं जेथें पायांखालीं कोणतीच भूमि नसते.

जहाजाचा आणि वाईनचा संबंध पूर्वीं निराळा होता, हें खरें. अटलांटिक महासागरांत पोर्तुगीजांचें मदैरा नांवाचें बेट आहे. तेथील वाईनचीं पिंपें हिंदुस्थानाकडे येणाऱ्या गलबतांवर चढवीत. विषुववृत्तावरची उष्णता आणि महिनोन्महिने चालणारें हेलकावणें यांनीं ती नासावयाची, ती उलट अधिक रुचकर झाली, असें आढळून आलें. मग व्यापाऱ्यांनीं मुद्दाम पिंपें जहाजांतून फिरवून परत आणण्याचा प्रघात पाडला, आणि अशा फिरून आलेल्या वाईनला 'विन्यो दा रोदा' म्हणजे फेरी केलेली वाईन असें नांव पडलें. तिला भावही अधिक येई. आतां तेंच काम त्या बेटावर उबेच्या खोल्यांत करतात. त्या काळीं जहाज वाईनला कांहींतरी देत होतें. आजच्या नौकेच्या थंडगार कोठारांत ती जशी चढते तशीच उतरते. जहाज तिला देतें तें फक्त चढा भाव.

याच्या तुलनेला मळा पाहा, आणि त्यासाठीं युरोप गांठण्याचें कारण नाहीं. आमच्याच सोलापूर जिल्ह्यांत, माळशिरस तालुक्यांत अकलूजच्या बाजूला, २००७ च्या सुमारास इटलीचे सेच्ची बंधु, दिल्लीचे सेखरी बंधु आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधु अशा तीन भावंडांच्या जोड्यांनीं मिळून वाईनचा उद्योग उभा केला. इटालियन भाषेंत भावांना 'फ्रातेल्ली' म्हणतात. तेंच नांव ठेवलें. तस्कनी प्रांतांतील पिएरो मासी हे मद्यविशारद त्यांना मिळाले. भाऊ सहा आणि सातवे मासी, म्हणून त्यांच्या एका उंची वाईनचें नांव 'सेत्ते' म्हणजे सात. तस्कनीचें खास द्राक्ष सांजोव्हेझे. या नांवाची व्युत्पत्ति 'ज्यूपिटरचें रक्त' अशी सांगतात. तें द्राक्ष आज ऊस आणि डाळिंब यांच्या शेजारीं माळशिरसच्या उन्हांत पिकतें. नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरांत 'सुला'ची पहिली वाईन २००० सालीं निघाली आणि २००५ सालीं तेथें चव घेण्याचें दालन उघडलें. त्याच्याहि आधीं, १९८० नंतरच्या दशकांत, नारायणगांवची फसफसणारी वाईन परदेशीं गेली होती.

सरकारचें धोरण या बाबतींत दुतोंडी राहिलें आहे, हें जातां जातां सांगितलें पाहिजे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत मद्य पिण्यास आजहि परवाना लागतो. आणि त्याच महाराष्ट्रानें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण आंखून विंचूर व पलूस येथें वाईनची संकुलें योजिलीं. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें केला, तेव्हां राज्यभर वादळ उठलें आणि तो निर्णय अंमलांत आला नाहीं. शेतकऱ्याचें हित कीं घरांतील शांतता, असा तो वाद होता, आणि दोन्ही बाजूंना बोलणारे प्रामाणिक लोक होते.

मी एकदां हिवाळ्याच्या अखेरीस अकलूजकडील मळे पाहून आलों. न पिणाऱ्यालाहि तेथें शिकण्यासारखें किती असतें! सोलापूरकरांना द्राक्ष म्हणजे लांबट, बिनबियांचें, गोड फळ ठाऊक. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनीं निवडून काढलेलीं 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' हीं त्याचीं उत्तम उदाहरणें. वाईनचें द्राक्ष याच्या अगदीं उलट : बारीक, जाड सालीचें, बियांनीं भरलेलें, आणि आश्चर्य असें कीं खाण्याच्या द्राक्षापेक्षांहि साखरेनें अधिक गच्च. दाणा चिरडून पाहिला तर काळ्या द्राक्षाचाहि रस बहुधा पाण्यासारखा पांढरा निघतो. तांबडा रंग सगळा सालींत. साल रसांत भिजत ठेवली तर तांबडी वाईन, काढून टाकली तर पांढरी. एवढें एक वाक्य जहाजावर चित्रें दाखवून सांगतात. मळ्यांत तें बोटांना लागतें आणि दोन दिवस निघत नाहीं.

तेथील ऋतूंचें कोडेंहि असेंच. युरोपांत वेली थंडींत झोपतात, पाने गाळतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्यांची तोडणी होते. आमच्या वेलींना बर्फ कोठलें आणि झोप कोठली? म्हणून आपल्याकडे वर्षांतून दोनदां छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास एक, ती काडी तयार होण्यासाठीं. पावसाळा सरतांना दुसरी, ती फळासाठीं. आणि जानेवारी ते मार्च या काळांत तोडणी. ज्या महिन्यांत तस्कनींतील सांजोव्हेझे निजलेलें असतें, त्याच महिन्यांत माळशिरसचें पेटींत पडतें. तीन हजार वर्षांची युरोपीय रीत आमच्या शेतकऱ्यानें कात्रीनें उलटी केली आहे. अवकाळी पाऊस एक रात्र आला कीं तें सगळें पाण्यांत जातें, हेंहि तेथेंच कळतें. वाईनच्या पेल्यांत तें दिसत नाहीं.

चव घेण्याच्या दालनांत मीं पेला फिरविला, वास घेतला आणि पेला खालीं ठेवला. पहिल्या पेल्याला पिकल्या पेरूचा वास होता, दुसऱ्याला लाकडाच्या जुन्या पेटीचा. ती पेटीहि खरीच निघाली; ओक लाकडाच्या पिंपांत ती वाईन ठेवलेली होती. वास घेण्यास परवाना लागत नाहीं.

तेव्हां माझ्या विद्यार्थ्याला मीं असें कळविलें. जहाजावरच्या वर्गाचे पैसे वांचव. तुझी नौका लिव्होर्नो बंदराला लागणार आहे. तेथून तस्कनीचे डोंगर जवळ आहेत, आणि सांजोव्हेझेचें माहेर तेंच. कंपनीची सहल महाग वाटली तर स्थानिक वाटाड्या पाहा, पण नौका सुटण्याची वेळ चुकवूं नको. ती कोणासाठीं थांबत नाहीं. मळा आधीं बघ, दगड बघ, उतार बघ, मग वास घे. घोट घ्यावयाचा झाल्यास तिथल्या भाकरीबरोबर आणि ऑलिव्हच्या तेलाबरोबर घे, व पीकदाणी मागण्यास लाजूं नको. ती मागणाऱ्याला तेथें जाणकार समजतात. आईला सोबत ने. तिला द्राक्षाच्या वेली आणि जुनीं देवळें दोन्ही आवडतील, आणि तूं किती पेले उचलतोस तें ती मोजीत राहील.

बंदर न लागणारी, नुसत्या समुद्रावरची सफर असेल आणि वेळ जातां जात नसेल, तर मात्र त्या वर्गाला एकदां बसण्यास हरकत नाहीं. पण आधीं तीन गोष्टी विचाराव्या. नमुने किती आणि कितीचे? सोबत खावयास काय? आणि नांवें झांकून देणार कीं दाखवून? तिसऱ्या प्रश्नाला शिकविणारा गृहस्थ जर खुशीनें 'झांकून' म्हणाला, तर त्याच्यापुढें बसावें. परत आल्यावर पुढल्या माघांत अकलूजला यावें. तोडणी चालू असते, सोलापुराहून एस. टी. मिळते, आणि तस्कनींतील वास अजून नाकांत असला तर तो येथल्याशीं ताडून पाहतां येतो.